अक्कलदाढ काढली की अँटिबायोटिक हवंच?

‘अक्कलदाढ काढल्यावर अँटिबायोटिक घ्यायलाच हवं. सूज आणि दुखणं त्यानेच उतरतं, जखम चिघळत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं नाही तर मागून घ्या, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवा.’ या आशयाचा मजकूर बराच फिरतो आहे. लोक तो काळजीपोटीच पुढे पाठवतात, हे मला कळतं. पण वाचणाऱ्याचं त्याने नुकसान होतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी सूज आणि दुखणं. हिरडीखाली अडकलेली दाढ काढताना हिरडी कापावी लागते, अनेकदा थोडं हाडही घासून काढावं लागतं. एवढी इजा झाल्यावर गाल सुजणार आणि तोंड उघडायला त्रास होणारच. ही सूज सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग आपोआप ओसरू लागते. हा शरीराने इजेला दिलेला प्रतिसाद आहे, जंतुसंसर्ग नव्हे. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं किंवा त्यांची वाढ थांबवतं; या सुजेवर त्याचा उपयोग नाही. मग ‘गोळीने बरं वाटलं’ असं इतके जण का सांगतात? कारण गोळ्या चालू असतानाच सूज उतरण्याची वेळ येते आणि श्रेय गोळीला जातं. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी चांगली चालते. मात्र पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील, तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

‘जखम चिघळत नाही’ यात मात्र तथ्य आहे, आणि ते नाकारून चालणार नाही. दात काढताना दिलेल्या अँटिबायोटिकवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2021 मध्ये पुन्हा आढावा घेतला. त्यातल्या बहुतेक चाचण्या निरोगी माणसांच्या अक्कलदाढांवरच्या होत्या. औषधाने संसर्गाचं प्रमाण घटतं असं त्यात दिसलं, पण एका माणसाचा संसर्ग टाळण्यासाठी साधारण 19 जणांना औषध द्यावं लागतं. म्हणजे उरलेल्या 18 जणांच्या वाट्याला औषध येतं, फायदा येत नाही. जुलाब, अंगावर पुरळ आणि क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी यांचा धोका मात्र सगळ्यांनाच. शिवाय जो संसर्ग टळतो, तो एरवी झाला असता तरी बहुधा उपचारांनी आटोक्यात आला असता. धडधाकट माणसाला सरसकट अँटिबायोटिक देऊ नये असंच मी यावरून म्हणेन. शस्त्रक्रिया अवघड असेल तर सर्जन आधी एखादा डोस देतील. तो त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, आपण हट्टाने मागायची गोष्ट नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक ठणका वाढला की ‘इन्फेक्शन झालं’ असं अनेकांना वाटतं. पुष्कळदा तो ड्राय सॉकेट असतो: खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून जाते आणि हाड उघडं पडतं. त्यावर खड्डा धुऊन औषधी पट्टी भरतात. धूम्रपान करणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, त्यामुळे ते दिवस सिगारेट टाळणं खरंच फायद्याचं आहे.

उरलेल्या गोळ्यांचा सल्ला तर सर्वांत घातक. अपुऱ्या डोसाने जिवाणू पेनिसिलिनला दाद देईनासे होतील, असा इशारा या अँटिबायोटिकचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल भाषणातच दिला होता. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. गोळ्या उरल्या तर त्या ठेवू नका, कुणाला देऊही नका.

काही जणांना अँटिबायोटिक लागतंच. हृदयात कृत्रिम झडप असलेले, पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग झालेले आणि काही जन्मजात हृदयविकार असलेले रुग्ण यांना दाढ काढण्यापूर्वी 30 ते 60 मिनिटं एक डोस दिला जातो. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांचा विचार वेगळा करावा लागतो. म्हणून आपले आजार दंतवैद्याला आधीच सांगा. आणि तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढत असेल, ताप किंवा पू येत असेल तर घरी गोळ्या शोधत बसू नका, दंतवैद्याकडे जा. साठलेला पू बाहेर काढावाच लागतो, नुसत्या गोळीने भागत नाही. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर तडक रुग्णालय गाठा.