प्रतिक्रियेला उत्तर : गावाकडच्या कुत्र्याचे दात कोण घासते?

सप्रेम नमस्कार,

कुत्र्याचे दात घरी घासण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. गावाकडच्या कुत्र्यांचे दात कोणी घासत नाही, ती हाडे चघळतात आणि ठणठणीत राहतात, हा पहिला. ही सारी टूम पेस्ट विकणाऱ्या कंपन्यांनी काढली आहे, हा दुसरा. आणि आपल्या नऊ वर्षांच्या पॉमेरेनियन कुत्रीचे दात घासायला घेतले तेव्हा हिरड्यांतून रक्त आले व ती चावायला धावली, त्यामुळे हा मुक्या प्राण्याचा छळ आहे, हा तिसरा. खरा मुद्दा तिसराच आहे; तेव्हा पहिले दोन आधी हातावेगळे करतो.

गावाकडच्या कुत्र्याचे दात उत्तम असतात, असे आपण म्हणतो खरे, पण त्याचा ओठ वर करून पाहिलेला असतो कोणी? तो भाकरी खातो, भुंकतो, अनोळखी माणसाच्या अंगावर जातो, एवढ्यावरून आपण निष्कर्ष काढतो. दात दुखत असला तरी कुत्रा खाणे सोडत नाही. एका बाजूने चावतो, किंवा न चावताच गिळतो. आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांच्या जतन केलेल्या कवट्या तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतही झिजलेले व तुटलेले दात आणि हिरड्यांच्या रोगाच्या खुणा आढळल्या. आणि त्यांच्या दाताला ना बिस्कीट लागले होते, ना डबाबंद अन्न. आपल्या देशी कुत्र्याला एक फायदा मात्र नक्की असतो. त्याचा जबडा लांब असतो आणि 42 दातांना त्यात ऐसपैस जागा मिळते. तेवढेच 42 दात पॉमेरेनियनच्या किंवा शिह त्झूच्या चिमुकल्या जबड्यात दाटीवाटीने बसतात, फटींत घाण अडकते, आणि म्हणूनच लहान जातींना हा रोग लवकर व जास्त होतो. दोघांना एकाच मापाने मोजणे रास्त नाही.

हाडे चघळल्याने दातांवरचे काही घासले जाते, हे मान्य आहे. परंतु वरच्या जबड्यातली जी सर्वांत मोठी दाढ असते, तिचा कपचा टणक हाडावर चावताना उडतो, आणि शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या घशात वा आतड्यात रुतू शकतात.

कंपन्यांविषयी आपण म्हणता त्यात तथ्य आहे. पाकिटावर ‘डेंटल’ असे छापले म्हणून आतली कांडी दात स्वच्छ करतेच असे नाही. अशा उत्पादनांचे पुरावे तपासून मान्यतेची मोहोर देणारी व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल नावाची संस्था आहे. ती मोहोर नसेल तर दाव्यावर विसंबू नये. मात्र दात घासण्याला पेस्ट लागतेच असे नाही. काम करतात ते ब्रशचे केस. पेस्टची चव ही कुत्र्याला दिलेली लालूच आहे. मऊ ब्रश साध्या पाण्यात किंवा बिनमिठाच्या चिकनच्या पाण्यात बुडवला तरी चालतो. माणसांची पेस्ट मात्र चुकूनही नको, कारण कुत्रा चूळ भरत नाही, सगळे गिळतो. पेस्टमधले फ्लोराइड त्याच्या पोटात जाते, आणि तिच्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असेल तर रक्तातली साखर झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकते. मीठ, खाण्याचा सोडा आणि राखुंडी हे घरगुती उपायही त्याच कारणासाठी टाळावेत.

आता आपल्या कुत्रीकडे वळतो. दातांवर आधी एक मऊ, बुळबुळीत थर साचतो, तो काही तासांतच धरू लागतो. कुत्र्याची लाळ अल्कधर्मी असते आणि तिच्यातील क्षारांमुळे हा थर दोन-तीन दिवसांत कडक होऊन त्याचे कीटण बनते, अगदी बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरावा तसे. ब्रशने निघतो तो फक्त मऊ थर. कीटण त्याला दाद देत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा घासणे जवळजवळ व्यर्थ असते, रोज घासण्यालाच अर्थ आहे.

आपण तिला शांतपणे जवळ घेऊन, जबडा न उघडता, वरचा ओठ गालाकडे मागे सरकवून पाहावा. त्या मोठ्या दाढेच्या बाहेरच्या अंगावर तपकिरी कवच आणि त्याच्या कडेला हिरडीवर लाल रेघ दिसण्याचा संभव फार आहे, कारण लाळेची एक मोठी नळी तिथेच समोर उघडते. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने सहसा रक्त येत नाही. तेव्हा रक्त हे ब्रशने केलेल्या इजेपेक्षा आधीपासून असलेल्या सुजेचे लक्षण असण्याचीच शक्यता अधिक, आणि तिचे चावायला धावणे हे बहुधा दुखण्याचे. म्हणूनच, दात घासण्याचा आग्रह धरणारा मी आपल्याला मात्र सध्या ब्रश बंद ठेवा असेच सांगेन.

आधी पशुवैद्यांकडून तिची तपासणी करून घ्यावी. भूल न देता कीटण खरवडून देण्याची सोय ग्रूमिंगवाल्यांकडे असल्याचे आपण लिहिले आहे. तो मार्ग कृपया घेऊ नये. दात वरून पांढरे दिसू लागतात, परंतु रोग हिरडीखाली असतो आणि जागेपणी तिथवर कोणी पोहोचू शकत नाही. नऊ वर्षांच्या कुत्रीला भूल देण्याची आपल्याला वाटणारी भीती स्वाभाविक आहे. तेव्हा भुलीआधी रक्ततपासणी व हृदयाची तपासणी होईल का, श्वासनलिकेत नळी घालणार का, दातांचा एक्स-रे काढण्याची सोय आहे का, आणि हिरडीखालची सफाई झाल्यावर पॉलिश करणार का, हे चार प्रश्न स्पष्ट विचारावेत. एखादा हलणारा दात काढावा लागला तरी घाबरू नये. दुखरा दात गेल्यावर कुत्री पूर्वीपेक्षा नीट जेवतात.

हिरड्या भरून आल्याचे पशुवैद्यांनी सांगितले, की मग बोटाला मलमलीचा ओला तुकडा गुंडाळून फक्त सुळ्यांपासून सुरुवात करावी, तीही काही सेकंदांपुरती, आणि लगेच आवडीचा खाऊ द्यावा. आतल्या बाजूने घासण्याचा हट्ट नको, ती बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते.