एप्रिल 1971 मध्ये घाई नेमकी कोणाला होती?

दर 16 डिसेंबरला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. एप्रिल 1971 मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी पूर्व पाकिस्तानवर (आजच्या बांगलादेशवर) ताबडतोब चढाई करायला निघाल्या होत्या, लष्करप्रमुख सॅम माणेकशा यांनी भर बैठकीत नकार दिला, राजीनामा पुढे केला आणि देश पराभवातून वाचला, असा त्याचा मथितार्थ. माणेकशांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हा मजकूर त्या काळातल्या पंतप्रधानांना उतावीळ ठरवतो आणि त्यांनी विचारपूर्वक आखलेलं धोरण दुसऱ्याच्या नावावर लावतो. म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतो.

"बैठकीत हे असंच घडलं." ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः माणेकशांच्याच तोंडून, युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी दिलेल्या भाषणांतून. ते सांगत फार रंगवून. त्यातला एक प्रसंग आपल्या यशवंतराव चव्हाणांचा आहे. माझ्या चिलखती डिव्हिजनचे फक्त तेरा रणगाडे चालू स्थितीत आहेत, असं माणेकशांनी सांगितलं. तेव्हा अर्थमंत्री असलेल्या चव्हाणांनी विचारलं, तेराच का? त्यावर उत्तर आलं, कारण अर्थमंत्री तुम्ही आहात. मी वर्षाहून अधिक काळ पैसे मागतोय आणि तुम्ही नाही म्हणताय. ऐकताना आपणही त्या टेबलापाशी जाऊन बसतो, इतकं ते जिवंत आहे. पण आठवणीतून सांगितलेली गोष्ट म्हणजे बैठकीचं इतिवृत्त नव्हे. पूर्व कमांडचे तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ जे. एफ. आर. जेकब यांनी वेगळंच लिहून ठेवलंय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एप्रिलच्या सुरुवातीला माणेकशांनीच त्यांना सैन्य आत घालायला सांगितलं आणि नोव्हेंबरच्या मध्याआधी ते शक्य नाही, असं उत्तर जेकब यांनी दिलं. सरकारला घाई होती, एवढं दोघांच्याही सांगण्यात आहे, हे मी लपवत नाही. मात्र थांबायला कोणी लावलं, यावर त्या दोघांचंच एकमत नाही.

"इंदिराबाईंना लगेच युद्ध हवं होतं." इथे मी आठवणींपेक्षा त्या दिवसांतल्या कृती बघतो. 25 मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली. लोकसभा निवडणूक जिंकून इंदिरा गांधींनी शपथ घेतली त्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. 31 मार्चला संसदेने पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव केला, पण त्यात ना स्वतंत्र बांगलादेशला मान्यता देण्याचा शब्द होता ना चढाईचा. पंतप्रधानांचे सचिव पी. एन. हक्सर यांचा सल्लाही सावधपणाचाच होता: पाकिस्तान हे संयुक्त राष्ट्रांचं सदस्य राष्ट्र आहे, त्याच्या अंतर्गत प्रश्नात हात घातला तर जगातले बहुसंख्य देश आपल्या बाजूने उभे राहणार नाहीत. घाई होती ती बाहेर. सर्वोदयी नेते जयप्रकाश नारायण बांगलादेशला मान्यता द्या म्हणत होते, विरोधी पक्ष जनसंघही तेच म्हणत होता, संरक्षण अभ्यासक के. सुब्रह्मण्यम तर लवकर लष्करी कारवाईच्या बाजूने होते. 7 मेला विरोधी नेत्यांनी पंतप्रधानांपुढे मान्यतेची मागणी ठेवली, तेव्हा इतक्यात ते देशहिताचं नाही, असं सांगून त्यांनी ती मानली नाही. त्या दिवशी नकार देणारी व्यक्ती गणवेशातली नव्हती.

आणखी एक गोष्ट मला निर्णायक वाटते. एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे जेव्हा ही गाजलेली बैठक झाली असं सांगतात त्याच सुमारास, मुक्तिवाहिनीला, म्हणजे पाकिस्तानी लष्कराशी लढणाऱ्या बंगाली गनिमी दलाला, प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सीमा सुरक्षा दलाकडून लष्कराकडे आली. आठवड्याभरात सीमा ओलांडायची असेल, तर कोणी गनिमी सैन्य घडवायचं दीर्घ पल्ल्याचं काम हाती घेतं का?

"लष्करी कारणं खोटी होती का?" मुळीच नाही. पावसाळ्यात पद्मा आणि मेघना पात्र सोडून पसरतात, रणगाडे चिखलात रुततात. हिमालयातल्या खिंडी उघड्या असताना चीन उतरण्याची धास्ती होती. सैन्याचा काही भाग पश्चिम बंगालमधल्या निवडणूक बंदोबस्तात गुंतला होता. माणेकशांनी हे स्वच्छ शब्दांत मांडलं असेल, तर तो त्यांचा मोठेपणाच. पण राजकीय कारणं त्याहून कमी वजनाची नव्हती, आणि ती सोडवणं लष्करप्रमुखांच्या हातात नव्हतं.

"मग सरकार सात महिने नुसतं वाट बघत बसलं." या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. मेच्या मध्यावर इंदिरा गांधी निर्वासितांच्या छावण्या पाहून आल्या. 24 मेला त्यांनी लोकसभेत सांगितलं की आठ आठवड्यांत सुमारे 35 लाख माणसं भारतात आली आहेत, आणि जो पाकिस्तानचा अंतर्गत प्रश्न म्हणून सांगितला जात होता तो आता भारताचाही अंतर्गत प्रश्न झाला आहे. पुढचं सगळं राजकारण त्या वाक्यावर उभं राहिलं. वर्षअखेर ही संख्या एक कोटीच्या घरात गेली. त्या प्रत्येक पोटाला भात-डाळ आणि कॉलऱ्याची लस पुरवायची होती. जुलैत अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला (आजच्या बीजिंगला) जाऊन आले आणि अमेरिका-चीन जवळीक उघड झाली. 9 ऑगस्टला दिल्लीत परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी भारत-सोव्हिएत करारावर सह्या केल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस पंतप्रधान स्वतः निघाल्या आणि ब्रुसेल्स, व्हिएन्ना, लंडन, वॉशिंग्टन, पॅरिस, बॉन अशा राजधान्या पालथ्या घातल्या. 4 आणि 5 नोव्हेंबरला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटल्या. तिथे हाती फारसं लागलं नाही, पण भारताने सगळे दरवाजे ठोठावले होते, हे जगाने पाहिलं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भारतीय सैन्य सीमेपलीकडे मर्यादित चकमकी लढू लागलं होतं, हेही सांगायला हवं. 3 डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या तळांवर हल्ले केले. पंतप्रधान तेव्हा कलकत्त्यात होत्या, ब्रिगेड परेड ग्राउंडवर सभा होती. त्या रात्रीच दिल्लीला परतल्या. बांगलादेशला मान्यता दिली ती 6 डिसेंबरला, म्हणजे 7 मेच्या त्या नकाराला बरोबर सात महिने होत असताना.