आधी देणं, मग समेट

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये समेटावर जेवढे उपदेश होतात, त्याच्या पाव हिस्साही न्यायावर होत नाहीत. मी भायखळ्याच्या आसपासच्या चर्चमध्येच वाढले, म्हणून हे ठामपणे म्हणते. ‘एकमेकांना क्षमा करा’ हे लग्नात, नाताळात, भाऊबंदकीच्या वादात, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या भांडणात सगळीकडे ऐकायला मिळतं. पण कोणी कोणाचं काय हिरावून घेतलं आणि ते परत केलं का, हे व्यासपीठावरून फारसं विचारलं जात नाही.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की, अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी हा भाग पुन्हापुन्हा वाचते. ज्याचं मन दुखावलंय त्याला इथं एकही आज्ञा नाही. उठून चालत जायचंय ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. आणि जकातदार जक्कयाने तर प्रभूसमोर उभं राहून हिशेबच मांडला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. त्या घराला तारण मिळाल्याचं प्रभू म्हणतो ते हे ऐकल्यानंतर.

हा क्रम उलटा केला की काय होतं, ते दक्षिण आफ्रिकेच्या चर्चने दाखवून दिलंय. १८५७ मध्ये तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, ठराव केला. एकत्र उपासना हेच शास्त्राला धरून आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण ‘काहींच्या दुबळेपणामुळे’ अडचण होत असेल तर वेगळी उपासना चालेल, अशी मुभाही दिली. दुबळेपणा कोणाचा? काळ्या भावाशेजारी बसून प्रभुभोजन घेणं ज्यांना जमत नव्हतं, त्या गोऱ्यांचा. १८८१ मध्ये गोऱ्या नसलेल्यांसाठी वेगळं मिशन चर्चच उभं राहिलं. १९४८ नंतर सरकारने अपार्थाइड, म्हणजे कायद्याने लादलेला वर्णभेद, आणला, तेव्हा त्याला बायबलचा आधार पुरवायला हेच गोरं चर्च पुढे होतं. एवढी मोठी भिंत, आणि तिची पहिली वीट एका प्रेमळ भाषेतल्या सवलतीची होती. म्हणून ‘काही लोकांना अजून जड जातंय, सांभाळून घेऊ’ असं कोणी आपल्या कमिटीत म्हणालं की मला धडकी भरते.

त्याच वेगळ्या काढलेल्या चर्चमधून १९८२ मध्ये बेल्हारचा विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, आला. एकी, समेट आणि न्याय ही तिन्ही त्यात एकत्र बांधली आहेत. आणि ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्या बाजूला देव उभा आहे, म्हणून चर्चनेही तिथंच उभं राहावं, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. आपल्या तरुण संघांमध्ये हा विश्वासांगीकार वाचला जावा असं मला मनापासून वाटतं.

पुढे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली अपार्थाइडच्या काळातल्या अत्याचारांच्या साक्षी ऐकायला सत्य आणि समेट आयोग बसला. आयांनी मुलांच्या मारेकऱ्यांसमोर बसून साक्षी दिल्या, काहींनी तिथंच क्षमा केली. जगभरच्या चर्चांनी त्या क्षमेचे दाखले दिले, अजून देतात. पीडितांना अनेक वर्षं ठरावीक रक्कम द्यावी असं आयोगाने सुचवलं होतं, त्याचं काय झालं हे मात्र उपदेशात येत नाही. २००३ मध्ये सरकारने एकदाच ३०,००० रँड द्यायचं ठरवलं. आईची क्षमा पूर्ण घेतली आणि तिचं देणं तोडून दिलं. याला मी समेट म्हणू शकत नाही.

‘हे परदेशातलं, आपल्याकडे कुठे वर्णभेद?’ असं म्हणणाऱ्यांसाठी नाशिकचा शरणपूर रोड आहे. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या तिथल्या ख्रिस्ती वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहत आणि शिकत. त्यांना पुढे ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हटलं गेलं. त्यांच्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरणाऱ्या ब्रिटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या काळात त्याच्या तांड्यात होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांत हा नाशिकला शिकलेला तरुण होता, आणि लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्यविधीतही. १८७३ हेच ‘गुलामगिरी’चं वर्ष. जोतीराव फुल्यांनी ते पुस्तक अमेरिकेत काळ्यांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. शूद्रातिशूद्रांचं आणि तिथल्या गुलामांचं दुःख एक आहे, हे ओळखायला त्यांना समुद्र ओलांडावा लागला नाही.

आज मीरा रोड, नालासोपाऱ्याकडे आफ्रिकन ख्रिस्ती कुटुंबं राहतात. माझ्या ओळखीच्या एका नायजेरियन कुटुंबाला भाड्याने घर हवं होतं. फ्लॅट पाहून झाला, भाडं आणि डिपॉझिट ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला की मालकांना ‘असे लोक’ नकोत. मालक ख्रिस्ती आहेत, रविवार चुकवत नाहीत. हेच कुटुंब उपासनेला आलं, तर चहाच्या वेळी त्यांना विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘व्हिसा आहे ना?’ ते आपल्याइतकीच स्तोत्रं म्हणत होते, आणि आपण त्यांची कागदपत्रं तपासत होतो. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, रागही आला, आणि तो राग मला चुकीचा वाटत नाही.

आणि जात. आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं, मांगवाड्यातून मंडळीत आलेलं. मी हे लपवत नाही. पण लग्नाचं बोलणं निघालं की आजही ‘मूळचे कोण?’ हे हळूच विचारलं जातं, आणि विचारणारेही बाप्तिस्मा घेतलेलेच असतात. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत बांधली गेली. आपल्याकडे विटांची भिंत नाही, एवढ्यावर समाधान मानायची माझी तयारी नाही.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. धर्माची ही अट काढावी, असं रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्येच सांगितलं. ही मागणी न्याय्य आहे, मी तिच्यासाठी आझाद मैदानात बसायला तयार आहे. पण सरकारपुढे आपण सांगतो की बाप्तिस्म्याने जात सुटत नाही, आणि मंडळीत जातीचा विषय काढला की ‘ख्रिस्तात जात नाही’ म्हणून गप्प करतो. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या धोरणात चर्चमधला जातिभेद निदान लेखी कबूल केला. आपल्या मंडळ्यांनी का करू नये?

‘चर्चमध्ये राजकारण नको, वेळ येईल तेव्हा होईल’ हे उत्तर मला माहीत आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी काळ्या लोकांना असाच धीर धरायला सांगितला होता, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून त्यांना पत्र लिहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात, एका रविवारी, त्याच शहरातल्या चर्चमध्ये बॉम्बने चार मुली मारल्या गेल्या. शेवटच्या आरोपीला शिक्षा व्हायला २००२ उजाडलं. इतका धीर कोणत्या आईकडून मागायचा?

पुढच्या बैठकीत मी पंचकमिटीला लेखी देणार आहे. ‘मूळ’ विचारून स्थळं जुळवणं मंडळीच्या वधूवर मेळाव्यात बंद व्हावं. १० ऑगस्ट, म्हणजे १९५० चा तो आदेश निघाल्याचा दिवस, उपासनेत पाळावा. आफ्रिकन भावाबहिणींना शास्त्रवाचनाची आणि प्रभुभोजनाच्या सेवेची जबाबदारी मिळावी. ज्यांना पटतंय त्यांनी खाली नाव लिहा, पत्रावर सही घ्यायला मी येईन. आणि मीरा रोड ते वसई दरम्यान कोणाचा वन बीएचके रिकामा असेल तर मेसेज करा, ते कुटुंब अजून घर शोधतंय.