हत्यारांची यादी पुरेशी होती, पत्र्याचा अंदाज मात्र चुकला

सप्रेम नमस्कार.

जुनी मोटार घरच्या घरी पुन्हा रस्त्यावर आणण्यासाठी लागणारी हत्यारे आणि खर्च यांविषयी मी जे लिहिले, त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर आणि इंजिन उतरवायची चेन पुली वगळून मी हत्यारांचा खर्च ४५,००० रुपये असा मुद्दाम कमी दाखवला, हा पहिला. आणि एकूण २ लाखांचा आकडा वाचून एखादा नोकरदार माणूस कामाला हात घालील व अर्ध्यात अडकेल, हा दुसरा. पहिला मला मान्य नाही. दुसरा मान्य आहे, आणि त्यात चूक माझीच आहे.

आपण कोल्हापुरात राहतो, हे यादी करताना विसरून चालणार नाही. तेलइंजिने आणि ओतकाम यांवर वाढलेल्या या गावात सिलिंडरचे बोअरिंग, क्रँकचे ग्राइंडिंग, हेडचा (इंजिनाच्या वरच्या झाकणाचा) पृष्ठभाग सपाट करणे ही कामे उद्यमनगरातल्या कारखान्यांत वर्षानुवर्षे होत आली आहेत, आणि ती घरी करण्याचा विचारही कोणी करू नये. चेन पुली दोनदा लागते, एकदा इंजिन उतरवताना आणि एकदा चढवताना. तेवढ्यासाठी ती भाड्याने आणणे शहाणपणाचे. घरी हवीत ती उघडण्याची आणि मोजण्याची हत्यारे: ८ ते २२ मिलिमीटरचे रिंग पाने, सॉकेट सेट, फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पट्ट्या), कम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे), मल्टिमीटर (विजेची जोडणी तपासणारे) आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना). टॉर्क रेंचवर काटकसर करू नये, कारण हेडचे नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आणि ठरलेल्या जोरानेच आवळावे लागतात. हाताच्या अंदाजाने आवळले, तर हेडखालचे नवे गॅस्केटही टिकत नाही. याआधी मात्र चांगल्या प्रतीचे चार जॅकस्टँड, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचे आधार, घ्यावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

कॉम्प्रेसर लागतो तो रंग फवारायला, आणि तो वगळण्यामागे पैशांचा विचार नव्हता. आजचे दोन घटकांचे रंग हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) मिसळून मारतात आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे घातक रसायन असते. साधा मास्क त्यापुढे पुरत नाही, आणि एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की दमा कायमचा मागे लागू शकतो. घराच्या पडवीत, जिथे मुले वावरतात, तिथे हा रंग फवारू नये. रंगकाम बाहेरच द्यावे, हे माझे मत कायम आहे.

आता चुकीबद्दल. माझा हिशेब असा होता: गाडी ७०,०००, हत्यारे ४५,०००, इंजिन ४५,००० आणि पत्रा व रंग ४०,०००. माझ्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन अंदाजात बसले, पण गालिचा उचलल्यावर खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आरपार गेला, आणि दाराखालच्या सिलमध्ये (पत्र्याच्या पोकळ पट्टीत) गंजाचा नुसता भुगा निघाला. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीच पेलते. म्हणून सिल कापण्याआधी आतून आडवे पाइप टाकून दारांची मोकळी चौकट बांधून घ्यावी लागते, नाहीतर बॉडी खचते आणि दारे पुन्हा नीट बसत नाहीत. हे वेल्डिंग कसबी कारागिराचे काम आहे, म्हणून त्याचे मशीनही घरच्या यादीत नको. पत्रा आणि रंग मिळून १,१५,००० रुपये गेले, आणि लेख लिहिताना मी जुनाच अंदाज तसाच ठेवला. तो आकडा तेव्हाच दुरुस्त करायला हवा होता.

यावरून खरेदीबाबत एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. म्हणून गाडी घेताना सीटच्या रुळांत, हेडलाइटच्या वाटीत आणि डिकीतल्या स्टेपनीखाली वाळलेला गाळ आहे का ते पाहावे, आणि सिल व चाकांवरच्या कमानी लोहचुंबक फिरवून तपासाव्यात. जिथे चुंबक धरत नाही, तिथे बहुधा पत्र्याऐवजी पुट्टी असते. आरसी बुकावरचा इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतःच्या डोळ्यांनी पडताळल्याशिवाय विसार देऊ नये.

कामाचा क्रमही पावसाने ठरतो. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो, आणि साधा प्रायमर ओल शोषून घेतो, त्यामुळे वरून चांगला दिसणारा रंग वर्षभरात फुगतो. पत्रा आणि रंग ही कामे दिवाळीनंतर हाती घेऊन मे महिन्याच्या आत संपवावीत. पावसाळ्यात आत बसून इंजिन, वायरिंग आणि ब्रेक करावेत. ब्रेकच्या ड्रममधली धूळ मात्र हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या लायनिंगमध्ये (ब्रेकच्या आतल्या अस्तरात) फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

मूळ लेखात मी आजच बदल करतो आहे. हत्यारांचे ४५,००० तसेच राहतील. पत्रा आणि रंगासाठी १,१५,००० धरतो, आणि गंज किती निघेल हे कापल्याशिवाय कळत नसल्याने ४०,००० वेगळे राखून ठेवण्यास सांगतो. एकूण ३,१५,००० रुपये. एवढी तजवीज होत नसेल, त्याने गाडी घेण्याचे एक वर्ष पुढे ढकलावे, असे आपला आक्षेप वाचल्यावर मी त्या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहीत आहे.