न वाचणाऱ्याचा सिनेमा

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ बघताना शेजारी पुस्तक वाचलेला माणूस बसला असेल, तर पडद्यावरच्या नऊ काळ्या घोडेस्वारांची भीती वाटत नाही. खरा धोका सोफ्यावर असतो.

आमच्याकडचा धोका म्हणजे माझा भाचा. टॉल्किनच्या या कादंबरीचे तिन्ही खंड त्याने वाचलेत, परिशिष्टांसकट. परिशिष्टं वाचणारा माणूस त्याआधी मी फक्त बँकेच्या कर्ज विभागात पाहिला होता. दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला तिन्ही सिनेमे दाखवायचं ठरवलं, रोज एक, आणि तेही वाढीव आवृत्तीत. मिळून अकरा तासांच्या वर.

सुरुवातीलाच मी सॉरॉन आणि सारुमानपाशी अडकलो. दोघंही दुष्ट, दोघांनाही बुरुजाची हौस. “हे सख्खे की चुलत?” असं मी विचारलं, तर भाच्याने सिनेमा थांबवला आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून सांगायला घेतलं. अरागॉर्न नावाच्या नायकाचं तर रेशनकार्ड काढणंच अशक्य. हाच स्ट्रायडर, हाच एलेसार, हाच एस्टेल, आणि तरुणपणी थोरोंगिल या नावाने दोन राज्यांत चाकरीही करून आलेला. सिनेमावाल्यांनी त्यातली निम्मी नावं गाळली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

भाचा मात्र गाळलेल्या प्रत्येक गोष्टीचं सुतक पाळतो. टॉम बॉम्बाडिल नावाचा कुणी निळा कोट आणि पिवळे बूट घालून गाणी म्हणत हिंडतो म्हणे. माणसाला अदृश्य करणारी ती जादूची अंगठी बोटात घातली तरी तो अदृश्य होत नाही. दिग्दर्शक पीटर जॅक्सनने तो अख्खा उडवला. आर्वेन ही एल्फ, म्हणजे अमर लोकांतली, मुलगी अंगठी वाहणाऱ्या जखमी फ्रोडोला घोड्यावर घालून नदी पार करते, तिथे पुस्तकात भलताच एल्फ आहे. हेल्म्स डीपच्या लढाईत ऐन वेळी एल्फांची फौज येऊन उभी राहिली, मी टाळ्यांसाठी हात उचलले, तर शेजारून आवाज आला, “मामा, पुस्तकात ते येतच नाहीत.” उचललेल्या हातांनी मी चकली घेतली.

पण मोरियाच्या भुयारातल्या पुलावरून गँडाल्फ हा म्हातारा जादूगार खाली गेला तेव्हा मला खरोखर धक्का बसला. ज्याच्या भरवशावर घराबाहेर पडायचं तोच पहिल्या भागात गेला? बाहेरच्या उन्हात फ्रोडो आणि त्याच्यासारखे बुटके हॉबिट खडकांवर पडून रडताहेत, तलवारींचा खणखणाट थांबलाय, नुसतं गाणं चालू आहे. माझा घसा दाटून आला. भाचा चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. त्याला ठाऊक होतं की म्हातारा पुढच्या भागात परत येणार, तेही पांढरेशुभ्र कपडे घालून. आता सांगा, तिकिटाचे पैसे कुणाचे वसूल झाले?

बोरोमीर या योद्ध्याचंही तसंच. पुस्तकात त्याची शेवटची झुंज दिसतच नाही. अरागॉर्न पोचतो तोवर सगळं उरकलेलं असतं, आणि तेही दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला. सिनेमाने ती पहिल्याच भागाच्या शेवटी आणली. बोरोमीर झालेला शॉन बीन बाण खातो, गुडघ्यावर येतो, पुन्हा उठून तलवार चालवतो. पुस्तक तोंडपाठ असलेला आमचा भाचासुद्धा तेवढा वेळ गप्प होता. मला वाटतं, दिग्दर्शकाची खरी परीक्षा न वाचलेलाच घेतो. वाचलेला माणूस राहिलेल्या फटी मनातल्या मनात बुजवतो. आमच्याकडे तो माल नसतो, जे दिसेल तेवढंच.

माझ्या बाजूने मी एक साक्षीदारही काढला. खुद्द अरागॉर्न झालेल्या व्हिगो मॉर्टेन्सनने भूमिका चालून आली तेव्हा हे पुस्तक वाचलेलं नव्हतं. चित्रीकरण सुरू झाल्यावर नट बदलला, याच्या अकरा वर्षांच्या मुलाने गळ घातली म्हणून हा न्यूझीलंडला निघाला, आणि पुस्तक वाचलं ते विमानात.

“म्हणजे वाचलं ना?” भाचा म्हणाला.

मग मी महाभारत काढलं. १९८८ साली ते रविवारी सकाळी दूरदर्शनवर सुरू झालं, तेव्हा भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती पुरी होऊन २२ वर्षं झाली होती. वाचायला वेळ भरपूर होता. तरी ‘खंड वाचल्याशिवाय टीव्हीसमोर बसायचं नाही’ असं पुण्यातसुद्धा कुणी म्हणालं नाही.

तिसऱ्या दिवशी आईही येऊन बसली. या भागाला ११ ऑस्कर आहेत, जेवढी नामांकनं तेवढी, असं नातवाने सांगितल्यामुळे असेल. अंगठी वितळली. आई कुकर लावायला उठली. तर फ्रोडो पलंगावर जागा झाला. बसली. राज्याभिषेक झाला, उठली. तर मंडळी गावी पोचली. फ्रोडोच्या सोबत्याचं, सॅमचं, लग्न झालं, आता तरी संपलं म्हणून उठली. तर बंदरावर जहाज उभं.

“आजी, हे काहीच नाही,” भाचा कळवळून म्हणाला, “पुस्तकात गावी परतल्यावर अजून एक लढाई आहे. ती कापली यांनी!”

“लिहिणारा करायचा काय रे?”

“ऑक्सफर्डला प्रोफेसर होते.”

“तरीच,” आई कुकरकडे जाता जाता म्हणाली. “घंटा झाली तरी तास सोडत नाहीत ही माणसं.”