अर्धं कापलं तर खोड वाकत नाही, फाटतं

इंग्लंडमध्ये जित्या झुडपांच्या कुंपणाची खोडं बुंध्याशी कापून, पण पूर्ण न तोडता, आडवी करतात, म्हणजे कुंपण दाट होतं. त्यावरच्या एका लेखात 'खोड अर्धं कापून आडवं करतात' असं लिहिलंय. ते चूक आहे. अर्ध्यावर थांबलं तर हॉथॉर्नचं, म्हणजे या कुंपणातल्या काटेरी झुडपाचं, खोड वाकताना उभं चिरतं. बुंध्याशी, जमिनीच्या जमेल तितकं जवळ, तिरका आणि लांब काप घ्यायचा. लांबी खोडाच्या जाडीच्या निदान तिप्पट. शेवटी साल आणि तिला चिकटलेल्या ओल्या लाकडाची पट्टीच उरते, आणि तिच्यावरच आडवं खोड जगतं. कडक थंडीत ही पट्टी कटकन तुटते, म्हणून गोठलेल्या दिवशी कोयता खाली ठेवलेला बरा.

लेखात सुटलेली आणखी एक गोष्ट म्हणजे कापानंतर बुंध्यावर मागे उरलेली लाकडाची उभी जीभ. ती उतरती छाटावीच लागते, नाहीतर पाणी मुरून कुजते आणि धुमारे बुडाऐवजी वरून फुटतात. मग खालची पोकळी तशीच राहते आणि मेंढ्या तिथूनच निसटतात! खोडं चढाच्या दिशेने झुकवायची, मध्य इंग्लंडमधल्या मिडलँड पद्धतीत साधारण 45 सेंटीमीटरवर खुंट ठोकायचे, वर हेझल नावाच्या झुडपाच्या लवचिक काठ्यांची वीण घालायची. ऑक्टोबर ते मार्च एवढाच हंगाम असतो, त्यामुळे मजुरी मीटरवर ठरवण्याआधी कुंपण किती माजलंय हे बघायलाच हवं.