शिट्टी थांबली म्हणजे दमा उतरला असं नाही

दम्यावरच्या एका लेखात अटॅकची खूण म्हणून श्वासाबरोबर छातीत वाजणारी शिट्टी दिलीय, त्यात थोडी भर. अटॅक फार वाढला की हवाच इतकी कमी खेळते की शिट्टी ऐकूच येत नाही, आणि घरचे म्हणतात, "चला, शांत झाला!" अशा वेळी ओठ निळसर पडलेत किंवा एक वाक्यही पुरं बोलवत नाही असं दिसलं, तर लगेच १०८. तोवर आडवं न झोपवता ताठ बसवा. डॉक्टरांनी दिलेला साल्ब्युटामॉलचा (श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून: एकेक करत ४ पफ (फवारे), प्रत्येकानंतर ४ श्वास. ४ मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा ४. आमच्या नाशकात डिसेंबरच्या गारठ्यात काढा, वाफ यातच (पंपाची सवय लागते म्हणे!) वेळ जातो. सिडको भागातून सिव्हिल हॉस्पिटलला रिक्षाने धावण्यापेक्षा अॅम्ब्युलन्स बरी, तिच्यात ऑक्सिजन तरी असतो.